अर्ध्या पगाराची रजा

परवा आत्याकडे माळा आवरायला गेले होते. आवरणं राहिलं बाजूला, वाचणंच जास्त झालं! आजोबांच्या ट्रंकेत १९३८ सालचा एक अर्ज सापडला. आजोबा मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात होते. पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करायला दिल्लीच्या 'पुसा' संस्थेत जायचं आहे, तरी 'स्टडी लीव्ह' मिळावी, अशी विनंती. (ही संस्था मूळची बिहारमधल्या पुसाची. १९३४च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये दिल्लीला आली, पण नाव सुटलं नाही.) सुंदर इंग्रजी अक्षर, आणि खाली सही नाही. म्हणजे अर्ज दिलाच नव्हता.

मीही सरकारी नोकर, त्यामुळे घरी येऊन आधी जुने नियम काढले. 'फंडामेंटल रूल्स' १ जानेवारी १९२२ पासून लागू झाले. त्यातला ८४वा नियम अभ्यासाच्या रजेचा. शास्त्रीय, तांत्रिक विषय शिकायला रजा मिळे आणि ती नेहमीच्या रजेतून वजा होत नसे. साधारण एका वेळी १२ महिने, सगळ्या नोकरीत मिळून २४. वाचताना वाटतं, किती उदार! पण पगार निम्मा. शिवाय रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, हे ६७व्या नियमात आधीच सांगून ठेवलेलं.

हे नियम यायच्या कितीतरी आधी, १८८८ मध्ये, मलेरियावाला रोनाल्ड रॉस फर्लोवर इंग्लंडला गेला. तिथे त्यानं सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, बॅक्टेरिऑलॉजी शिकला. साहेबाची रजा म्हणजे मायदेशी जाणं, आणि शिकायची सोयही तिथेच. आजोबांना मात्र शिकायला घर सोडून जावं लागणार होतं.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आईनंच नको म्हटलं होतं. ऐंशीचे चाळीस होणार, त्यात दादांचं दिल्लीचं जेवणखाण आणि इथली सात तोंडं. धाकट्या काकांची मॅट्रिकची फी. मी तर तेव्हा पाळण्यात!"

आता केंद्राच्या १९७२च्या नियमांप्रमाणे अध्ययन रजेत पगार पूर्ण मिळतो. बहुतेकांना मर्यादा तीच, २४ महिन्यांची. परत आल्यावर नोकरी सोडणार नाही असा बॉण्ड लिहून द्यायचा, एवढंच. माझ्या खणात हा फॉर्म दोन वर्षं पडून आहे. मुलाची बारावी, सासूबाईंचं ऑपरेशन... कारणं माझ्याकडेही आहेत. पगाराचं मात्र नाही. असो.

"आजोबांना वाईट वाटलं असेल ना गं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. बोलले नाहीत कधी. पुस्तकं मात्र मागवायचे व्ही.पी.नं, आणि आई पोस्टमनवर चिडायची."

ती पुस्तकंही ट्रंकेतच होती. त्यातलं भाताच्या रोगांवरचं एक मी मागून आणलंय. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात बरंच काही लिहिलंय. अजून सगळं लागलेलं नाही.