अलास्का दिसते, कोयना दिसत नाही

सांगलीच्या विश्रामबागेत बसून कुणी ताज्या भूकंपांची खबर देणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली, तर पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळींत काम उरकते. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, म्हणजे यूएसजीएस, जगभरच्या नोंदींची फाईल दर मिनिटाला ताजी करते. ती कुणीही फुकट उचलावी. ना नोंदणी, ना पासवर्ड.

खरी कसरत पुढे. वेळ येते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, तीही ग्रिनिचच्या हिशेबाने. हजाराने भागून साडेपाच तास मिळवले की आपले घड्याळ जुळते. तोंडात ‘अक्षांश-रेखांश’ बसलेले, फाईलमध्ये मात्र रेखांश आधी आणि तिसरा आकडा खोलीचा. सांगलीचे १६.८५ आणि ७४.५८ उलटे पडले, तर विश्रामबाग थेट नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन बसते. संगणक हूं की चूं करत नाही; अंतरे तेवढी हजारो किलोमीटरने चुकतात.

मग यादी झरझर उतरते. अलास्का, कॅलिफोर्निया, पुन्हा अलास्का. दीड-दोन तीव्रतेचे, तिथल्यांनाही न जाणवलेले धक्के!

आणि कोयना? कोयनानगर इथून सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटरवर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगात सर्वांत मोठा म्हणून तो ओळखला जातो. कोयना-वारणा पट्ट्यात धक्के आजही थांबलेले नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी कराडला खास प्रयोगशाळा आहे आणि तीन किलोमीटर खोल बोअरही मारले गेले. तरी यादीत कोयनेचे नाव क्वचितच.

कारण साधे आहे. अमेरिकेत यंत्रांचे जाळे दाट, म्हणून बारीकसारीक धक्केही टिपले जातात. बाहेरच्या जगातले मात्र साधारण साडेचारच्या पुढचेच तिथे खात्रीने नोंदले जातात. म्हणून इथल्या स्क्रिप्टला दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदी जोडाव्या लागतात.

जोडल्या की नवा पेच उभा राहतो. एकाच धक्क्याला दोन संस्थांचे क्रमांक वेगळे, तीव्रताही थोडी इकडेतिकडे. वेळेत मिनिटाच्या आतला आणि जागेत शे-पन्नास किलोमीटरचा फरक असेल तर धक्का एकच धरायचा, दोन्ही आकडे शेजारी छापायचे. यादी रिकामी आली तर ‘भूकंप नाही’ असे न छापता ‘साडेचारच्या वरची नोंद नाही’ असे छापायचे आणि पुढे संस्थेचे नाव द्यायचे.