जगलेली झाडं

बुलढाणा जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा की घाटाखालचा, हे विचारतात. पांडुरंग फुंडकर, सगळ्यांचे भाऊसाहेब, घाटाखालचे. नांदुरा तालुक्यातल्या नारखेडला १९५० साली जन्मले. पूर्णेच्या खोऱ्यातला हा मुलूख. माती काळीभोर, पण कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारं. पऱ्हाटी पेरायची आणि आभाळाकडे बघायचं. खामगावला १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच.

त्याच खामगावने १९७८ आणि १९८० मध्ये त्यांना आमदार केलं. पुढे १९८९, १९९१ आणि १९९६ असं तीनदा अकोल्याने लोकसभेत पाठवलं. नंतर भाजपचं प्रदेशाध्यक्षपद झालं, विधान परिषदेतलं विरोधी पक्षनेतेपद झालं. कृषी खातं मात्र हाती आलं ते २०१६ च्या जुलैत, पासष्टीत.

आणि लगेच २०१७ उजाडलं. कर्जमाफीच्या याद्या निघत होत्या आणि इकडे शेतात हिरवं, टपोरं दिसणारं बोंड फोडावं तर आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली, मधोमध गुलाबी अळी. यवतमाळात फवारणी करता करता शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. कापसाच्या मुलखातला माणूस मंत्री असताना कापसानेच एवढे जीव घेतले. त्या मृत्यूंचा जाब कृषिमंत्र्याला विचारला गेला, तो विचारायलाच हवा होता. त्यांच्याविषयी आस्था असूनही मला ते वर्ष वगळून त्यांच्यावर लिहिता येत नाही.

३१ मे २०१८ रोजी मुंबईत हृदयविकाराने ते गेले, मंत्रिपदावर असतानाच. त्याच वर्षी त्यांच्या नावाने फळबाग लागवड योजना आली. रोजगार हमीच्या फळबागेत जो बसत नाही, त्याच्यासाठी ही. अनुदान तीन वर्षांत मिळतं: पन्नास, तीस आणि वीस टक्के. मला यातली अट फार मोलाची वाटते. नुसते खड्डे खणून, कलमं लावून भागत नाही. दुसऱ्या वर्षी झाडं मोजली जातात. बागायतीत शंभरातली नव्वद आणि कोरडवाहूत ऐंशी जगलेली असली, तरच पुढचा हप्ता.

मे महिन्यात आमच्याकडे ती ऐंशी जगवणं म्हणजे काय, ते खोडाशी पाचट अंथरून, लांबून आणलेलं गोडं पाणी तांब्यातांब्याने घालणारी बाईच सांगू शकेल. तिची सगळी कलमं जगावीत, आणि तिचा हप्ता वेळेवर जमा व्हावा.