रिकाम्या फायलीचा होकार

नुसते काशीस गेल्याने कोणी अन्नंभट्ट होत नाही, अशी जुनी म्हण आहे. आम्ही तर काशीत आठ वर्षे केंद्र सरकारची कारकुनी करीत आहो. आमची काय कथा!

दुर्गाघाटावरच्या एक वृद्ध आजी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी कचेरीत येत. 'कोणाची प्रकरणे अपूर्ण आहेत?' असे आम्ही संगणकास विचारीत असू. त्या यादीत आजींचे नाव कधीच नसे. "आजी, आपले प्रकरण पुढे गेले आहे," असे आम्ही त्यांना तीनदा सांगितले. चौथ्या खेपेस त्या म्हणाल्या, "अरे बाळा, पुढे गेले, तर पोचले कोठे?"

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी प्रणाली रचणाऱ्या तरुण अभियंत्यास गाठले. त्याने आराखडा उलगडून दाखविला: कर्मचारी, त्याचे कुटुंबीय, त्यांचे कागद आणि या सर्वांना जोडणाऱ्या रेषा. अशा आराखड्यास प्रश्न विचारण्याची एक स्वतंत्र भाषाच आहे, ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज. १९९५ साली आयबीएममध्ये योस वार्मर यांनी ती घडविली व १९९७ साली ती यूएमएल या आराखड्यांच्या भाषेत समाविष्ट झाली. तिचा स्वभाव मोठा सोवळा. ती रेषांवरून चालत जाते, पाहते, विचारते. पण कशासही हात लावीत नाही.

नियम असा होता: 'सर्व कागद तपासलेले असतील, तर प्रकरण पूर्ण.' आजींच्या नावे एकही कागद चढलेला नव्हता. जेथे कागदच नाही, तेथे न तपासलेला कागद तरी कोठून सापडणार? भाषेने तर्कशुद्ध उत्तर दिले: 'पूर्ण.' 'कागद आहेत काय?' हे आधी विचारावयास हवे होते, ते कोणी विचारलेच नव्हते.

अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त सात पदार्थ सांगितले आहेत, सातवा अभाव. 'नाही' म्हटले, की कशाचा अभाव आणि कोठे, हे नैयायिक आधी विचारतात. आम्ही मात्र 'यादीत नाव नाही' एवढ्यावरच निश्चिंत होतो.

आजींचे कागद अखेर आमच्याच कपाटातील एका गठ्ठ्यात निघाले. नियमात एक अट वाढली, वेतन सुरू झाले. आजी पेढे घेऊन आल्या. आमच्या घशाखाली तो उतरेना.

आता यादी कोरी आली, की स्वाक्षरीपूर्वी आम्ही उठतो आणि कपाट उघडून पाहतो.