आयरिश संत, फिलिपिनो भाविक

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन स्ट्रीटवर लाल विटांचं सेंट पॅट्रिक्स चर्च आहे. नावापासूनच आयरिश. खिडक्यांच्या रंगीत काचांवर आयर्लंडचे संत, आतला हिरवा संगमरवरही तिकडूनच आणलेला. आणि बाकांवर पाहावं तर बहुतेक सगळे फिलिपिनो! म्हणजे बघा, जुना लेगसी कोड उघडावा, कॉमेंट्समध्ये भलत्याच कुणाची नावं असावीत आणि सांभाळणारी टीम तिसरीच, तसं काहीसं.

ही पॅरिश १८५१ ची, सोन्याच्या मागे धावत आलेल्या आयरिश लोकांच्या काळातली. १९०६ चा भूकंप आणि त्यानंतरच्या आगीत चर्चची वाट लागली, १९१४ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. पुढे आयरिश मंडळींचं बरं चाललं, ती हळूहळू दुसरीकडे पांगली.

फिलिपिनो मात्र तोवर अमेरिकेत येऊन राबत होतेच. १८९८ पासून त्यांचा देशच अमेरिकेच्या ताब्यात, त्यामुळे १९२०-३० च्या दशकांत हजारो तरुण पोरं शेतांत आणि हॉटेलांत कामाला आली. मग १९३४ चा कायदा आला. दहा वर्षांनी स्वातंत्र्य देऊ म्हणाला आणि त्याच दमात कोटा लावला, वर्षाला ५० माणसं. पन्नास! आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त असतील. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने तो १०० केला, आणि त्याच कायद्यात भारतीयांनाही १०० जागा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. एच-वन-बीच्या नावाने बोटं मोडताना हे आपल्याला कुणी सांगत नाही.

खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. नर्सेस, डॉक्टर, अकाउंटंट सहकुटुंब येऊ लागले. आपल्या लोकांना देवळं मुळापासून बांधावी लागली (लिव्हरमोरला शिव आणि विष्णू एकाच छपराखाली नांदतात, ते उगाच नाही). फिलिपिनो कॅथलिकांना चर्च तयार मिळालं, फक्त संत दुसऱ्यांचे होते. त्यांनी एकालाही हलवलं नाही, हे मला फार आवडलं.

पण चर्च टिकलं तरी आजूबाजूची वस्ती टिकेलच असं नाही. चर्चपासून चार पावलांवर मॉस्कोनी सेंटर, आपल्या सगळ्या टेक कॉन्फरन्सेसची पंढरी. १९८१ मध्ये उघडलं. त्यासाठी आणि भोवतालच्या पुनर्विकासासाठी स्वस्त लॉजेस पाडली गेली. तिथे राहायचे एकटे, म्हातारे कामगार, त्यांत फिलिपिनोही होते. भाडेकरू कोर्टात गेले, भांडून थोडी स्वस्त घरं पदरात पाडून घेतली. आजही मागच्या गल्ल्यांना बोनिफासिओ, रिझाल, लापू-लापू अशी नावं आहेत. तिथल्या खोल्यांचं भाडं आता बोलायची सोय नाही. कीनोट ऐकताना एसीत बसून मला हे आठवत राहतं, काय करणार!

असो. माझ्या टीममधली टेस्टर फिलिपिनो आहे, आई नर्स. तिच्याकडून सिंबांग गाबी कळलं. १६ ते २४ डिसेंबर, सलग नऊ दिवस पहाटे मिस्सा. शेतावर जायच्या आधी उरकायची म्हणून पहाटे, आपल्या काकड आरतीसारखंच. बाहेर पारोल टांगलेले, म्हणजे चक्क चांदणीचे आकाशकंदील. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ती संध्याकाळी करतात, ऑफिसं सांभाळून. नऊच्या नऊ झाल्या तर मनातलं मिळतं म्हणे.

यंदा तिच्या सातच झाल्या, दोन दिवस आमचं रिलीज होतं. काय मागणार होतीस विचारलं.

"मामाचा नंबर," म्हणाली. आईने त्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज भरला तेव्हा ही तिसरीत होती.