सोडणारा वाहक

सोलापुरात पक्केपणाला मान आहे. धुण्यात रंग गेला नाही तर चादर खरी. पॉलिमर रसायनशास्त्र शिकवताना पेशीत जनुक पोचवणाऱ्या वाहकांकडेही मी बरीच वर्षं याच नजरेनं पाहत होते: डीएनए जितका घट्ट धरेल तितका वाहक उत्तम. आज माझं मत याच्या उलट आहे.

घट्ट धरणं मुळात अवघड नाही. डीएनएवर ऋण भार असतो. त्यात धन भाराचं पॉलिइथिलीनइमाइन, म्हणजे पीईआय, मिसळलं की दोघांचे नॅनोकण बनतात. पीईआय पेशीत जनुक पोचवतं, हे फ्रान्समधल्या जाँ-पॉल बेर यांच्या गटानं १९९५ मध्ये दाखवलं. पेशी हा कण एंडोसोम नावाच्या पिशवीत गिळते. रक्ताचा सामू ७.४, पिशवीत तो सहाच्या खाली उतरतो. पीईआय प्रोटॉन शोषत राहतं, आत पाणी शिरतं आणि पिशवी फुटते, असं बेर यांचं म्हणणं. त्यावर अजून वाद आहे, पण कल्पना मोठी देखणी आहे आणि माझं लक्ष तिथंच खिळून असे.

पिशवी फुटल्यावर काय? पीईआयची साखळी शरीरात सहजी तुटत नाही. लांब साखळ्या पेशीच्या पटलाला इजा करतात. आणि डीएनए सुटलाच नाही, तर जनुक वाचलं जाणार कसं?

मला पटलं ते साखळीत घातलेल्या डायसल्फाइड बंधांचं रसायन पाहून. हे बंध तोडणारं ग्लुटाथायोन पेशीबाहेर अत्यल्प असतं, आत त्याच्या शेकडो पट. त्यामुळे रक्तात टिकणारा बंध पेशीत तुटतो, साखळीचे तुकडे होतात, डीएनए मोकळा होतो. विषारीपणाही घटतो.

जनुक पोचवायला विषाणू असताना पॉलिमर कशाला, असं विद्यार्थी विचारतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या उपचारात जनुक विषाणूवाहकच पोचवतो, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिथं पेशी शरीराबाहेर काढून हे केलं जातं. थेट शरीरात दिलेल्या अॅडेनोव्हायरसनं १९९९ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. विषाणूविना वाट आपल्याकडेही आहे: पुण्याच्या जेनोव्हाची २०२२ मध्ये मान्यता मिळालेली एमआरएनए लस लिपिडकणांतून जाते आणि साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते.

या विषयावर प्रकल्प करणाऱ्यांना माझी विनंती आहे. किती पेशींत जनुक पोचलं, या आकड्याशेजारी किती पेशी जगल्या, वाहकाचं पुढे काय झालं आणि आपल्या मे महिन्यात कुपी टिकली का, हेही लिहा.