लोह्याची पिचर आणि माळेगावची यात्रा

मुलांनो, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या एसटीत तुम्ही कधी बसला आहात का? गोदावरीचा पूल ओलांडला की विष्णुपुरी येते, नंतर सोनखेड. मग दोन्ही बाजूंना काळीभोर रानं, मधूनच उघडा माळ, बांधावर बाभळी. आणि तेवढ्यात कंडक्टर ओरडतो, "चला, लोहा, लोहा! लोहावाले उतरून घ्या!"

लोहा पूर्वी कंधार तालुक्यात होतं, आता ते स्वतःच तालुक्याचं गाव आहे. माझी ताई तिथं राहते. २०२४ च्या डिसेंबरअखेर मी तिच्याकडे गेलो, तो माळेगावची यात्रा पाहायला. पण ताईच्या घरात यात्रेपेक्षा वेगळंच काहीतरी चाललेलं होतं. माझी नववीतली भाची तोंड पाडून बसली होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मामा, आम्हाला पिचर पाहिजे. अन् लांबचे कॅच घेणाऱ्या पोरी पाहिजेत. कुठं मिळतेत का बघा की!"

मला वाटलं, पाण्याचा जग म्हणतेय की काय! पण नाही. ती बोलत होती बेसबॉलविषयी. आपल्याकडच्या शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असतात, आणि मुलींचेही संघ असतात. तिच्या शाळेचा संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संघात नऊ जण. पिचर चेंडू फेकते, समोरची बॅटने तो टोलवते. टोलवून झालं की चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरून, म्हणजे बेसवरून, पळत परत घरी यायचं, की एक धाव. पिचरच्या जागेपासून फलंदाजाच्या बेसपर्यंतचं अंतर मोठ्यांच्या खेळात १८.४४ मीटर असतं. आपल्या क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची. चेंडूचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडं कमी. बेसच्या आसपास चौघी उभ्या राहतात, एक कॅचर फलंदाजाच्या मागे बसते, आणि पार लांब तिघी. त्या लांबच्या भागाला म्हणायचं आउटफिल्ड.

"आम्ही हरलो कामून, सांगू का मामा?" भाची म्हणाली. "पिचर मी एकटीच. एका दिवसात दोन मॅच खेळाव्या लागल्या. दुसरीत खांदा इतका दुखला की चेंडू जाईचना. अन् लांब उभ्या केलेल्या पोरी गप्पा मारत होत्या. दोन कॅच सुटले."

तिचा खांदा महिनाभर दुखत होता. डॉक्टरांनी चेंडू फेकायला बंदी केली होती. आता तो बरा होता, पण ताई म्हणत होती, "पुन्हा एकटीनंच फेकायचं असलं तर खेळूच नको बाई."

म्हणजे पाहा, प्रश्न साधा नव्हता. दुसरी पिचर मिळाली नाही, तर पहिलीही जाणार होती!

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे माळेगावला निघालो. लोह्याहून लातूरच्या रस्त्यानं पुढे गेलं की खंडोबाचं हे माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. काय गर्दी म्हणता! पिवळा भंडारा उधळलेला, "यळकोट यळकोट जय मल्हार"चा गजर, रेवड्यांचे ढीग, पाळणे, कुस्त्यांचा फड. आणि जनावरांचा बाजार तर विचारूच नका. घोडे, गाढवं, उंट, आणि या भागाची शान असलेले लाल कंधारी बैल. गर्द तांबडा रंग, डौलदार चाल. कंधार-लोह्याच्या परिसरातलीच ही जात.

तिथं भाचीचे खेळाचे सर भेटले. माझी ओळख होताच हसून म्हणाले, "आम्हीही खरेदीलाच आलोत. दोन पिचर अन् तीन आउटफिल्डर!"

आम्ही एका बैलबाजाराशी उभे राहिलो. एक म्हातारे शेतकरी बैल पारखत होते. आधी तोंड उघडून दात पाहिले. आदत आहे, दोन दाती, की चार दाती? दातांवरून वय कळतं. मग चालवून पाहिला. मग खांद्यावर हात फिरवला. शिंगांच्या रंगाकडे, गळ्यातल्या घुंगरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आबा, एवढा सजवलाय, तिकडं बघितलं बी नाहीत?" सरांनी विचारलं.

"घुंगरू नांगर वढतंय व्हय?" आबा म्हणाले. "खांदा बघावा. अन् एका बैलावर कधी शेती करू नये. दुसरा बरोबरीचा नसला, की पहिला बी मरतो."

सरांनी भाचीकडे पाहिलं. भाचीनं आपल्या खांद्याकडे.

मुलांनो, काय गंमत पाहा. इकडे माळेगावात बाजार भरतो त्याच थंडीत तिकडे अमेरिकेत खेळाडूंचा बाजार भरतो! तिथल्या बेसबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत संपतो, आणि फेब्रुवारीत पुन्हा सराव सुरू होतो. मधल्या थंडीत प्रत्येक संघ हिशेब मांडतो, की आपलं कुठं दुखतंय? २०२४ च्या डिसेंबरातच न्यूयॉर्क मेट्स या संघानं हुआन सोतो या खेळाडूशी १५ वर्षांचा करार केला, तब्बल ७६ कोटी ५० लाख डॉलरचा! सोतो नावाजला गेला तो त्याच्या फलंदाजीसाठी. चेंडू लांब टोलवणाऱ्याला पैसाही मिळतो आणि टाळ्याही. पण संघ हरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी.

परतताना सरांनी एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. ३० ऑक्टोबर २०२४. अमेरिकेच्या अजिंक्यपदाचा पाचवा सामना. न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. यांकीज ५-० असे पुढे होते. त्यांचा आरन जज हा त्या वर्षी ५८ होमरन मारणारा वीर. पाचव्या डावात त्याच्याकडे आउटफिल्डमध्ये एक सोपा झेल आला. तो सुटला! मग एक चेंडू चुकीचा फेकला गेला. मग पिचर गेरिट कोल पहिल्या बेसवर धावायचंच विसरला. बघता बघता डॉजर्सनी त्याच डावात पाच धावा काढून बरोबरी केली, आणि शेवटी ७-६ असा सामना जिंकून अजिंक्यपद पटकावलं.

"आणि डॉजर्सचं काय माहिताय?" सर म्हणाले. "त्यांचा सुरुवातीचा पिचर दुसऱ्याच डावात काढावा लागला. मग एकामागून एक पिचर आणत राहिले. शेवटचा डाव फेकला वॉकर ब्यूलरनं. दोनच दिवसांपूर्वी तो तिसऱ्या सामन्यात फेकून आला होता. तिथं २६ जणांच्या संघात १३ पर्यंत पिचर असतात. आपल्याकडं किती?"

"एक," भाची हळूच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वेळा अमावस्या होती. नांदेड-लातूर भागात या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे रानात जातात. कडब्याची छोटी कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर असं पोटभर जेवायचं. ओळखीचा असो की नसो, रानात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ताईच्या ओळखीच्या एका शेतावर आम्ही गेलो. सरही आले होते.

जेवण चाललं होतं, तोच शेजारच्या ज्वारीतून आवाज आला, "हाऽऽ हाऽऽ!" आणि सण्णकन एक दगड हवेतून गेला. पाखरांचा थवा भुर्रकन उडाला. पाहतो तर माळ्यावर एक मुलगी उभी. हातात गोफण.

गोफण तुम्ही पाहिली असेल. दोन दोऱ्या आणि मधे दगड ठेवायला विणलेली पट्टी. डोक्याभोवती गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी एक दोरी सोडायची. क्षण चुकला की दगड भलतीकडे. ज्वारीच्या कणसात दाणा भरायला लागला की पाखरं सकाळ-संध्याकाळ तुटून पडतात. तेव्हा राखण लागते.

पाखरं जवळ आली तेव्हा त्या मुलीनं गोफण खाली ठेवली, एक ढेकूळ उचललं आणि नुसत्या हातानं फेकलं. ढेकूळ पार बांधावरच्या बाभळीच्या खोडावर जाऊन फुटलं. पुन्हा एक. पुन्हा त्याच खोडावर.

सरांच्या हातातला उंडा हातातच राहिला.

"अगं, ही तर आमच्याच शाळेत आहे!" भाची ओरडली. "ब तुकडीत! घंटा झाली की पळूनच जाते घरी."

सर बांधावर गेले. "पोरी, चेंडू फेकशील का?"

मुलगी लाजली. माळ्याखाली बसलेल्या तिच्या आजी म्हणाल्या, "फेकंल की. पर कवा? सकाळी पाखरं, सांजंला पाखरं. माझ्यानं आता गोफण फिरत नाही मास्तर. हे पीक गेलं तर वर्षभर खायचं काय?"

मुलांनो, आजींचं खोटं होतं का? मुळीच नाही. सराव असतो सकाळी आणि संध्याकाळी. पाखरंही येतात सकाळी आणि संध्याकाळी. शाळेचा संघ मोठा, की घरची भाकरी?

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी शेताला लागून असलेल्या मोकळ्या माळाकडे बोट दाखवलं. "आजी, आम्ही इथं खेळलो तर चालेल?"

"खेळा की. माळ काय माझा हाय?"

झालं! ज्वारी निघेपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी संघाचा सराव त्या माळावर होऊ लागला. डझनभर मुली तिथं इतक्या ओरडायच्या, की पाखरं बाभळीवरच बसून राहायची. पुढे आजी ताईला म्हणाल्या, "गोफणीपरीस ह्या पोरींचं तोंडच लई कामाचं!"

गोफणवाली मुलगी काही एका दिवसात पिचर झाली नाही, बरं का. गोफण फिरवणं वेगळं, चेंडू फेकणं वेगळं. पाय कुठं टाकायचा, कोपर कसं वळवायचं, हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. पण नेम आणि नेमका क्षण, या दोन गोष्टी ती शेतातून शिकूनच आली होती. तुम्हाला ठाऊक आहे का? २००८ मध्ये अमेरिकेहून काही लोक भारतात पिचर शोधत आले होते. त्यांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन तरुण मिळाले. दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल त्यांनी तोवर खेळलाही नव्हता! त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघानं दोघांनाही करारबद्ध केलं.

आता उरलं आउटफिल्ड. सर भाचीला म्हणाले, "ज्या दिवशी ती फेकेल, त्या दिवशी तू लांब उभी राहायचं."

भाचीचा चेहरा उतरला. घरी आल्यावर माझ्यापाशी फुरंगटून बसली. "मामा, मी पिचर! तिथं लांब उभं राहून मी काय करू? चेंडू तर येतच नाही."

मी म्हणालो, "माळ्यावरच्या मुलीला विचार. पाखरं काही दिवसभर येत नाहीत. पण ती दिवसभर बघत असते."

भाची काही बोलली नाही. पण पुढच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा ती माळावर उंच चेंडूंखाली धावत होती. चेंडू बॅटवरून निघाला रे निघाला, की पहिलं पाऊल टाकायचं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, दोन्ही हात लावूनच झेल घ्यायचा. खो-खोतली एक राखीव खेळाडूही त्यांनी आपल्यात ओढली होती. पळण्यात ती सगळ्यांच्या पुढं!

२०२५ च्या स्पर्धा झाल्यावर भाचीचा फोन आला.

"मामा, पहिली मॅच जिंकलो! दुसरी हरलो."

"आणि खांदा?"

"अजिबात दुखला नाही. पहिली मी फेकली, दुसरी तिनं. अन् मामा, दुसऱ्या मॅचमध्ये मी लांब उभी होते ना, तर चेंडू एकदाच आला."

"मग?"

"घेतला की!"

मुलांनो, तुमच्या संघातही कुणीतरी लांब उभं असेल. कुणीतरी घंटा होताच घरी पळत असेल. उद्या त्यांच्याकडे जरा नीट बघा. आणि डिसेंबरात माळेगावला गेलात, तर लोह्याला उतरायला विसरू नका. ताईच्या हातची भज्जी अगदी झकास असते!