कुलूप उघडण्याआधी

घरमालकाकडे भाड्याने दिलेल्या घराची चावी असावी की नसावी, यावर आमच्या घरात एकमत नाही. ह्यांचं म्हणणं, असावी. माझं म्हणणं, नसावी. फ्लॅट माझ्या नावावर असल्यामुळे ती नसते.

कर्वेनगरातला हा फ्लॅट मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाड्याने देते. करार झाला की सगळ्या चाव्या भाडेकरूच्या हातात मोजून देते आणि कागदावर त्याची सही घेते. महिन्याच्या महिन्याला भाडं घेतो, त्या घरात आपण बेल वाजवूनच जायचं, हा माझा हिशेब. तो बरोबर आहे की नुसता ताठपणा, याची परीक्षा जुलैतल्या एका रात्री झाली.

त्या वर्षी फ्लॅटमध्ये लातूरकडच्या दोन मुली राहत होत्या, दोघी हिंजवडीला नोकरीला. एक गावी गेली होती. दुसरी रात्री साडेदहाच्या सुमाराला पार्सल घ्यायला लिफ्टपर्यंत गेली आणि वाऱ्याने दार आपटलं. नाइट लॅच ते, ओढलं गेलं की लागतं. फोन आत, पर्स आत, चावी आत. दुसरी चावी लातूरला. शेजारच्यांच्या फोनवरून तिचा आवाज आला, "काकू, दार लागलं."

आत लहान मूल असतं किंवा गॅस चालू असता, तर पहिला फोन अग्निशमन दलाला, १०१ ला करायला सांगितला असता. तसं काही नव्हतं. "येते," म्हटलं. आम्ही स्कूटरवरून पोचेपर्यंत तिने शेजाऱ्यांच्या फोनवर शोधून 'चोवीस तास सेवा' देणारा कुठला तरी नंबर लावला होता आणि दोन तरुण ड्रिल मशीन घेऊन दारात उभे होते. फोनवर साडेतीनशे रुपये सांगितले होते. दार बघितल्यावर आकडा साडेचार हजारांवर गेला होता: लॅच फोडावं लागेल, मग नवं बसवावं लागेल, रात्रीचा दर वेगळा.

पैशांची घासाघीस मला जमते. खटकलं ते वेगळंच. मी विचारलं, "हे घर या मुलीचंच आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" त्यातला एक म्हणाला, "मॅडम, कस्टमरने बोलावलं, आम्ही आलो." तिचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. येण्याचे पैसे हातावर ठेवून मी त्यांना वाटेला लावलं. ती मुलगी माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की हातातोंडाशी आलेला घास मीच काढून घेतला.

वॉचमनकडे चौकातल्या सरदारजींचा नंबर होता. दिवसा ते वडाखाली लाकडी पेटी मांडून, चाव्यांचे जुडगे टांगून बसतात. रात्री बोलावलं तर येतात, पण ओळखीच्या सोसायटीतच. ते आले, पेटी खाली ठेवली, उघडली नाही. "घर कुणाचं? राहतं कोण?" माझं मी सांगितलं. "कागद?"

इथे भाड्याच्या घराची खरी गंमत आहे. मुलीचं आधार कार्ड आत, ऑफिसचं ओळखपत्र आत, कराराची प्रत आत. वीजबिलावर नाव माझं, तिचं नाही. ती तिथे राहते याचा प्रत्येक पुरावा त्याच दारामागे होता. माझ्या मोबाइलमध्ये मात्र नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची पीडीएफ होती. आपल्याकडे हा करार ऑनलाइन नोंदवतात. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे अंगठे घेतो, कॅमेऱ्यात फोटो काढतो, आणि ते फोटो नावांसकट करारात छापून येतात. तेव्हा ह्यांनी कुरकुर केली होती, की नोटरी केली असती तर स्वस्तात भागलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याच्या भीतीने केलेला तो कागद मध्यरात्री जिन्यात कामाला येईल, हे माझ्याही डोक्यात नव्हतं.

सरदारजींनी टॉर्च आधी मोबाइलवरच्या फोटोवर मारला, मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वॉचमनला साक्षीला उभं केलं. वहीत फ्लॅट नंबर, माझं नाव, तिचं नाव लिहून आमच्या दोघींच्या सह्या घेतल्या. मग पेटी उघडली.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. लॅचला बसणारी एक कोरी चावी त्यांनी निवडली, पक्कडीत धरून आत घातली, जोर देऊन जरा फिरवली, बाहेर काढली आणि टॉर्चखाली तिरकी धरून पाहिली. पितळेवर टाचणीच्या टोकाएवढ्या चकचकीत खुणा उमटल्या होत्या. आतल्या पिना जिथे अडतात, तिथे धातूवर धातू घासतो, त्याची ती खूण. तेवढ्याच जागी त्यांनी कानस चालवली. पुन्हा आत, पुन्हा जोर, पुन्हा टॉर्च. कुठे अर्धा घास जास्त गेला तर चावी वाया. एक वाया गेली, दुसरी घेतली. बोलणं बंद, फक्त कानशीचा आवाज. साधारण अर्ध्या तासाने लॅच फिरलं. दाराला ओरखडा नाही, लॅच शाबूत, शिवाय एक नवी चावी तयार. सातशे रुपये झाले. चूक मुलीची, म्हणून तिने दिले. लॅच झिजून अडकलं असतं तर मी दिले असते.

ती नवी चावी सरदारजींनी माझ्या हातात ठेवली, मी मुलीच्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण जिन्यात वाद नको म्हणून गप्प राहिले.

या माणसाचा नंबर मी अनेकांना दिला. त्यात त्याच इमारतीतले एक फ्लॅटमालक होते. त्यांच्या भाडेकरूने तीन महिन्यांचं भाडं थकवलं होतं, करार मे महिन्यात संपला होता, फोन बंद होता आणि दाराला कुलूप होतं. त्यांना ते उघडून आपलं कुलूप घालायचं होतं. मालक स्वतः, कागदपत्रं चोख, पैसेही दुप्पट द्यायला तयार. सरदारजींनी विचारलं, "सामान आत आहे?" आहे म्हटल्यावर पेटी उचलली. "मग पोलिसांना घेऊन या. माझ्या हाताने नाही."

ते गृहस्थ माझ्यावरच चिडले. माझ्या घराला मी कुलूप घालायचं नाही, तर कुणी? प्रश्न चुकीचा नव्हता, पण उत्तर कुलूपवाल्याकडे नव्हतं. त्याच १९९९ च्या कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपूनही भाडेकरू जागा सोडत नसेल, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदतीनंतरच्या काळासाठी कराराच्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. वेळ लागतो, हे खरं. पण परस्पर कुलूप फोडलं, आणि उद्या भाडेकरू येऊन म्हणाला की कपाटात दागिने होते, तर नव्हते हे सिद्ध कोण करणार? शेवटी वकिलाची नोटीस गेली, भाडेकरूचा भाऊ येऊन सामान घेऊन गेला, डिपॉझिटमधून थकबाकी वळती झाली. कुलूप भावानेच उघडलं.

तोच कारागीर, तीच कानस. मुलीसाठी अर्ध्या रात्री चालली, मालकासाठी भर दुपारी चालली नाही. मला त्यात विसंगती दिसली नाही. दोन्ही वेळा त्याने एकच गोष्ट पाहिली: या दाराआड सध्या कुणाचा संसार आहे.

माझ्या हट्टाची कसोटी मात्र पुढच्या दिवाळीत लागली. खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. गळती आमच्या न्हाणीघरातली, मुली गावी, माझ्याकडे चावी नाही. "आता बोला," हे म्हणाले. मी मुलींना व्हिडिओ कॉल लावला. दार उघडायला हरकत नाही, असं त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घेतलं. सेक्रेटरींना बोलावलं, सरदारजी आले, आणि दार उघडल्यापासून प्लंबर बाहेर पडेपर्यंत कॉल चालू ठेवला. आम्ही न्हाणीघराशिवाय कुठे गेलो नाही. दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते, टेबलावर उघडी डायरी होती. चावी असती तर मी एकटीच जाऊन आले असते, कुणाला न सांगता, आणि वाईट काहीही केलं नसतं. पण त्या मुलींना नंतर ते कळलं असतं, तेव्हा त्यांना कसं वाटलं असतं, हे ती डायरी बघून मला उमगलं.

पुढच्या कराराच्या वेळी एजंटला मी चार ओळी जास्त टाकायला लावल्या. अडचणीत कुलूप उघडायची वेळ आली तर दोघांपैकी कोण कुणाला कळवणार. चुकीने अडकलं तर खर्च भाडेकरूचा, झिजून अडकलं तर मालकाचा. भाडेकरू नसताना दार उघडलं तर त्याची लेखी संमती आणि सोसायटीतला एक साक्षीदार हवा. जागा सोडताना लॅचचा आतला सिलिंडर मालकाने स्वखर्चाने बदलायचा. शेवटची ओळ नव्या भाडेकरूसाठी, कारण जुन्यांनी किती चाव्या करून घेतल्या हे कोण मोजणार?

एजंट म्हणाला, "काकू, हे कलम कुणी घालत नाही."

"तुम्ही टाइप करा," म्हटलं, "आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवा."